एकच माइक, तीन वाद्यं: फिरत्या जॅझ ट्रिओसाठी डीपीए ४०९९

जॅझ पियानो ट्रिओ (पियानो, डबल बास आणि ड्रम्स) दौऱ्यावर निघतो तेव्हा तिघांपैकी कोणाकडेच स्वतःचं पूर्ण वाद्य नसतं. पियानोवादकाला प्रत्येक मुक्कामी नवा पियानो मिळतो. कधी नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँड, कधी सहा फुटी, तर कधी भिंतीला टेकवलेला अपराइट. डबल बास, हे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य, विमानाने न्यायचं म्हणजे माणसाएवढी पेटी आणि जास्तीच्या सामानाचं भाडं, म्हणून बासवादक पुष्कळदा तिथे मिळेल त्या बासवर वाजवतो. ड्रमर आपले सिंबल्स, ब्रश, स्टिक्स आणि फार तर स्नेअर (संचातला कडक तडाख्याचा ड्रम) घेऊन येतो. बाकीचा संच यजमानांचा. अशा फिरस्तीत रोज तीच राहू शकेल अशी एकच गोष्ट आवाजाच्या वाटेवर असते, ती म्हणजे वाद्याजवळ लावलेला माइक. म्हणून डेन्मार्कच्या डीपीए कंपनीच्या ४०९९ या माइकचं परीक्षण फक्त आवाज किती गोड एवढ्यावर करून भागत नाही. रोज नव्या वाद्यावर तो रोज तोच कान देतो का, हे पाहावं लागतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. पियानोला दोन, बासला एक, असे तीन माइक ट्रिओने स्वतःचे घ्यावेत. ड्रम्ससाठी घेऊ नयेत. आता कारणं.

४०९९ म्हणजे लवचिक मानेच्या टोकाला बसवलेली छोटी कंडेन्सर कॅप्सूल. तिला मिक्सरकडून ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागते. बारीक केबलच्या शेवटी मायक्रोडॉट नावाचा अगदी लहान आट्यांचा कनेक्टर असतो आणि तो अॅडॉप्टरमार्फत नेहमीच्या एक्सएलआर केबलला जोडला जातो. माइक तोच, वाद्याप्रमाणे फक्त क्लिप बदलते: पियानोसाठी चुंबक, बाससाठी घोडीखालच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी पुलाखालच्या) तारांवर बसणारी पकड, ड्रमसाठी कडेला लावायची क्लिप. संवेदनशीलतेच्या दोन जाती मिळतात. मोठ्या आवाजासाठीची जात साधारण १० डेसिबलने कमी ऐकते. ती ट्रंपेट आणि ड्रम्ससाठी आहे. पियानो आणि बासला दुसरी, म्हणजे जास्त ऐकणारी जात घ्या. चुकून ड्रमची जात पियानोवर लावली तर मिक्सरवर गेन (माइकचा आवाज मोठा करण्याचं प्रमाण) १० डेसिबलने वाढवावा लागतो आणि हळुवार बॅलडमध्ये मागची सळसळ ऐकू येते.

आता पियानो. खरेदीचं समर्थन इथेच होतं किंवा होत नाही.

चुंबक पियानोच्या बिडाच्या चौकटीवर बसतात. तारांच्या गटांमधून जे लोखंडी पट्टे आडवे-तिरके जातात, ती त्यांची जागा. लावण्याआधी कोरड्या फडक्याने धूळ पुसा, कारण धुळीवर चुंबक हळूहळू सरकतो आणि मध्यंतरापर्यंत माइक दुसरंच काहीतरी ऐकत असतो. साउंडबोर्डावर (तारांखालच्या लाकडी फळीवर) काहीही टेकवू नका. मान वाकवताना डँपरच्या (तारा दाबून आवाज थांबवणाऱ्या गाद्यांच्या) वरून नेऊ नका. पेडल दाबलं की डँपर उचलले जातात आणि मानेला लागून टिकटिक येते. केबल चौकटीच्या कडेने बाहेर काढा. ती तारेला नुसती शिवली तरी त्या एका स्वरावर झणझण येते, आणि ती शोधण्यात साउंडचेकची दहा मिनिटं जातात.

पहिला माइक वरच्या सप्तकांच्या तारांवर, तारांपासून १० ते १२ सेंटिमीटर उंच, हातोड्यांपासून साधारण एक वीत आत. हातोड्यांच्या जवळ सरकवला की टकटकीत धार येते, दूर नेला की लाकूड ऐकू येतं. दुसऱ्या माइकच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात. तो सगळ्यात जाड, तांबं गुंडाळलेल्या तारांवर लावतात, कारण एकट्याने वाजवायच्या पियानोसाठी ती सवय असते. ट्रिओत डावा हात तिथे फारसा जातच नाही. पियानोवादक बिल एव्हान्सच्या काळापासून रूळलेली पद्धत अशी की कॉर्डचा मूळ स्वर डाव्या हाताने सोडायचा आणि तो बासवादकाने घ्यायचा. मग डावा हात मधल्या सी च्या खालच्या सप्तकात आणि त्याच्या आसपास बसतो. तेव्हा दुसरा माइक त्या मधल्या तारांवर, १५ सेंटिमीटर उंचीवर हवा. जाड तारांवर ठेवलात तर डाव्या हाताच्या कॉर्डऐवजी शेजारचा बास आणि बास ड्रमच जास्त येतो. त्याच कारणासाठी पियानोच्या दोन्ही चॅनलवर ८० हर्ट्झखाली लो-कट (खालचे आवाज कापणारी गाळणी) लावायला कचरू नका. ४०९९ साठी लो-कट असलेला अॅडॉप्टरही मिळतो आणि पियानोवर तो योग्य आहे.

दोन माइकमधलं अंतर त्यांच्या तारांपासूनच्या उंचीच्या निदान तिप्पट ठेवा. १५ सेंटिमीटर उंचीला ४५, शक्य असेल तर ६०. याहून जवळ आले की दोघं तेच स्वर किंचित वेगळ्या वेळी ऐकतात, आणि छोट्या क्लबांमध्ये ध्वनियंत्रणा पुष्कळदा मोनो (डावं-उजवं एकत्र मिसळणारी) असते, तिथे ते एकमेकांना खातात. लक्षण ओळखायला सोपं आहे: मधल्या सी च्या आसपासचे दोन-तीन स्वर पोकळ, नाकातून बोलल्यासारखे येतात. मिक्सरवर दोन्ही चॅनल मधोमध आणून पियानोवादकाला क्रोमॅटिक सप्तक (सगळे बारा स्वर ओळीने) एकाच ताकदीने वाजवायला सांगा. पोकळ स्वर सापडले तर ईक्यूला (आवाजाचे वरचे-खालचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या बटणांना) हात लावू नका, दुसरा माइक चार बोटं सरकवा. ईक्यूने ते भरून येत नाहीत.

४०९९ चा पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेने किती ऐकायचं ते, सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) आहे आणि याचा अर्थ नीट समजून घेतला तर निम्मी लढाई जिंकली. असा माइक बरोबर पाठीमागे सगळ्यात बहिरा नसतो. त्याची सगळ्यात बहिरी दिशा तोंडापासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे खांद्यामागे असते. थेट पाठीमागे त्याला पुन्हा थोडं ऐकू येतं. ट्रिओच्या नेहमीच्या मांडणीत की-बोर्ड प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, पियानोच्या कमरेत (आत वळलेल्या बाजूला) बासवादक, आणि शेपटीपलीकडे ड्रमर. माइक सरळ खाली रोखला तर ड्रमर त्याच्या ९० अंशांवर येतो. तोंड की-बोर्डच्या दिशेने आणखी ३५ अंश झुकवलं की ड्रमर त्या बहिऱ्या दिशेत जातो आणि स्नेअरचा तडाखा जाणवण्याइतका कमी होतो. झाकणावरून परतणारा आवाज असतोच, त्यामुळे कागदावरचा हिशेब पूर्ण उतरत नाही, पण फरक पडतो.

याची किंमतही आहे. की-बोर्डकडे झुकलेला माइक पियानोवादकाचा गळा ऐकतो. कीथ जॅरेटसारखे वाजवताना गुणगुणणारे वादक पुष्कळ आहेत, आणि ते गुणगुणणं लयीचाच भाग असतं. ते बंद करायला कोणी सांगू नये. अशा वादकासाठी झुकाव २० अंशांवर आणा आणि ड्रम्सची थोडी गळती पत्करा. गळती म्हणजे शत्रू नव्हे. ड्रमर पियानोच्या माइकपासून तीन मीटरवर असेल तर त्याचा आवाज तिथे सुमारे ९ मिलिसेकंदांनी पोहोचतो. थोड्या प्रमाणात तो खोलीचा भास देतो, जास्त झाला की स्नेअर पसरट होतो. पियानोचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) एकट्याने वर-खाली करून बघा. त्याबरोबर राइड सिंबल ठळकपणे वर-खाली होत असेल तर गळती जास्त आहे. झाकण टेकूच्या छोट्या काठीवर घ्या, म्हणजे ते कमी उघडं राहील.

झाकण पूर्ण बंद करूनही हा माइक आत राहतो, ही त्याची मोठी सोय. मात्र बंद झाकणाखाली २५० ते ४०० हर्ट्झचा डबा वाजल्यासारखा फुगार येतो. तिथे ३-४ डेसिबल कमी करावे लागतात, आणि तरी उघड्या झाकणाचा मोकळेपणा येत नाही. छोटी काठी हा बहुतेक ठिकाणचा मध्यममार्ग आहे.

अपराइटवर चुंबक वरच्या लाकडी पेटीला अर्थातच चिकटत नाहीत. पायाजवळची फळी काढा (बहुधा एका स्प्रिंगवर अडकवलेली असते), आतली लोखंडी चौकट दिसेल. तिथे एक डावीकडे, एक उजवीकडे. पेडलच्या दांड्यांपासून दूर ठेवा. त्यांची कुरकुर या माइकला फार स्पष्ट ऐकू येते.

बासकडे वळू. ट्रिओची तब्येत इथे कळते. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये बिल एव्हान्स, स्कॉट लफारो आणि पॉल मोशन यांनी वाजवलेलं ध्वनिमुद्रण ज्यांनी ऐकलंय, त्यांना ट्रिओत बासचा आवाज कुठे असायला हवा हे सांगावं लागणार नाही: पियानोच्या शेजारी, त्याच्याशी बोलत, कधी त्याच्याही पुढे. लफारो वरच्या सप्तकांत गाण्यासारखा वाजवायचा, आणि तिथे बोटाचा तारेवरचा स्पर्श ऐकू आला नाही तर वाक्याचा अर्थच जातो. घोडीखालचा पिझो पिकअप (लाकडाची कंपनं पकडणारा संवेदक) स्वर देतो, तो स्पर्श देत नाही. ४०९९ देतो.

क्लिप घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवलेला तुकडा) यांच्यामधल्या तारांवर बसते. भाड्याच्या बासवर हे अंतर आणि तारांमधली फट वेगळी असते, म्हणून क्लिप आधी सैल बसवून, मग रबर नीट टेकलंय हे बोटाने चाचपून घट्ट करा. अर्धवट बसलेली क्लिप एखाद्याच स्वराला थरथरते. मान घोडीच्या खालच्या बाजूलाच वळवा. घोडीवरून फिंगरबोर्डकडे नेली तर गजाच्या आड येते, आणि हे नेमकं पहिल्या गजाच्या बॅलडमध्ये लक्षात येतं. माइकचं तोंड घोडीच्या पायाकडे, बासच्या पोटापासून चार बोटं अंतरावर. एफ-होलमध्ये (बासच्या पोटावरच्या एफ आकाराच्या भोकात) तोंड घालू नका. तिथे हवा घुमते, त्या घुमण्यात ई आणि ए तारांचे स्वर एकमेकांत मिसळतात, आणि फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परतून होणारं घोंगावणं) तिथूनच सुरू होतो.

कोणता स्वर फुगतो हे प्रत्येक बासचं वेगळं. उघड्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर असतात. नवा बास हातात आला की सगळ्यात खालच्या ई पासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढत जा, ताकद सारखी ठेवा. जो स्वर अंगावर येतो तेवढ्यापुरता अरुंद कट द्या, ३ ते ५ डेसिबल. इथे लो-कटचा अॅडॉप्टर वापरू नका. पियानोला जो फायद्याचा, तो बासचा पाया काढून घेतो. केबलच्या पिशवीत दोन्ही अॅडॉप्टर सारखेच दिसतात, म्हणून त्यांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा.

शंभर माणसांच्या खोलीत बासला हा एक माइक पुरतो. मोठ्या सभागृहात, किंवा ड्रमर जोरकस असेल तर, पुरत नाही. गेन वाढवला की मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेला स्पीकर) बासच्या पोटाला हलवू लागतो आणि घोंगावणं सुरू होतं. तेव्हा पिकअप जोडीला हवा. पिझोला निदान १ मेगओमचा इनपुट असलेला डीआय (पिकअप मिक्सरला जोडणारी पेटी) द्या, नाहीतर खर्ज पातळ येतो आणि सगळे माइकला दोष देत बसतात. पिकअप आणि माइक दोन्ही चालू ठेवून माइकच्या चॅनलवर पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला खालचा जी भरदार येतो, ती बाजू खरी. मग माइकवर १२० हर्ट्झच्या आसपास लो-कट: पाया पिकअपचा, बोलणं माइकचं. बासचा मॉनिटर वादकाच्या समोर नको, बाजूला ठेवा.

भाड्याच्या बासवर पिकअप असेलच असं नाही, असला तरी कोणता असेल याचा भरवसा नाही. घोडीच्या पायाखाली बसणारा पिकअप बसवायचा तर तारा सैल कराव्या लागतात, आणि मुक्कामी वेळ असतो पाऊण तासाचा. म्हणून फिरत्या बासवादकासाठी हा माइक चैन नाही. तो नसेल तर त्या रात्री बास कसा ऐकू यावा याच्यावर त्याचा काहीच हक्क राहत नाही.

ड्रम्सबद्दल थोडक्यात. जॅझचा संच लहान असतो, १८ इंची बास ड्रम, १२ आणि १४ इंची टॉम, १४ इंची स्नेअर, आणि तो एकच वाद्य म्हणून वाजवला जातो. स्नेअरच्या कडेला क्लिप लावली की ब्रश फिरवायच्या वर्तुळात ती आड येते. शिवाय ब्रशचा सरसर आवाज संपूर्ण कातड्यावरून येतो, एका कडेवरून नव्हे. छोट्या खोलीत ड्रम्सना माइक लागतच नाही. ते पियानो आणि बासच्या माइकमधून येतात तेवढे पुरतात. मोठ्या सभागृहात डोक्यावर एक आणि बास ड्रमला एक माइक, आणि हे दोन्ही कोणत्याही ठिकाणी मिळतात. त्यासाठी ४०९९ विकत घेणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी घालणं.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर. मायक्रोडॉटचे आटे फार बारीक आहेत. केबल गुंडाळताना पीळ पडला की कनेक्टर अर्धा आटा सैल होतो आणि मग खरखर येते, तीही अधूनमधून, त्यामुळे सापडत नाही. रोज लावताना बोटाने घट्ट करा (पकडीने नव्हे, आटे जातात), केबल नेहमी पीळ न देता मोठ्या वेटोळ्यात ठेवा, आणि एक जादा केबल व एक जादा अॅडॉप्टर जवळ असू द्या. हा कनेक्टर ऐनवेळी कुठल्याही साउंडवाल्याच्या पेटीत सापडेल या आशेवर राहू नका. दुसरी तक्रार किमतीची. तीन माइक, क्लिपा आणि जादा सामान धरून रक्कम मोठी होते, आणि लहान कॅप्सूल असल्यामुळे शांत स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाला हा माइक पहिली पसंती ठरत नाही. मानेबद्दल एवढंच की ती एकाच जागी रोज मोडल्यासारखी वाकवू नका. दोन्ही हातांनी धरून मोठा बाक द्या. स्पंजची टोपी हरवतेच, दोन जादा ठेवा.

पर्यायांमध्ये पियानोसाठी अर्थवर्क्सचा पीएम४० आहे: पियानोच्या आत आडवी बसणारी दांडी आणि तिच्यावर दोन सर्वदिशी माइक. एका जागी कायम राहणाऱ्या पियानोला तो उत्तम, आवाज अधिक मोकळा. पण सर्वदिशी म्हणजे ड्रम्सही सगळे ऐकणार, आणि बासला त्याचा उपयोग नाही. हेल्पिनस्टिलचे चुंबकीय पिकअप तारांचीच हालचाल पकडतात, त्यामुळे गळती जवळपास नाही. खूप गोंगाटाच्या मंचावर तेच तारतात. लाकडाचा आवाज मात्र त्यात येत नाही, आणि जॅझ पियानोत तो गमावणं परवडत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर क्रम असा ठेवा. आधी पियानो सुरात लावणारा ट्यूनर, तेही मंचावरचे दिवे लावलेले असताना. त्याचं काम संपेपर्यंत पियानोत एकही माइक नको. मग तिघांनी काही न लावता एक मध्यम लयीचा तुकडा वाजवायचा आणि एकमेकांपासूनचं अंतर ठरवायचं. ड्रमरने तिथेच आपली ताकद खोलीप्रमाणे जुळवून घ्यायची, कारण ते काम कोणताही माइक करू शकत नाही. त्यानंतर बासचा माइक, मग पियानोचे दोन, मग मोनो तपासणी, आणि मॉनिटर सगळ्यात शेवटी, लागलेच तर. ठरलेली उंची आणि झुकाव वहीत लिहून ठेवा: पियानोची लांबी, कोणत्या पट्ट्यावर चुंबक, तारांपासून किती बोटं, झाकण कोणत्या काठीवर. पाच-सहा मुक्कामांनंतर सहा फुटी पियानोला काय लागतं आणि नऊ फुटीला काय, हे वहीतून निघतं आणि साउंडचेक पंधरा मिनिटांत आटोपतो. मध्यंतरात चुंबक सरकले नाहीत ना, हे एकदा हात लावून बघा.